गाडीला बाहेरची अलॉय बसवताना : आकडे आधी, डिझाइन नंतर

गाडी घेताना आपल्याकडे बहुतेक जण खालचं किंवा मधलं मॉडेल घेतात. पैसे वाचतात, पण चाकं लोखंडी डिस्कची येतात आणि वर प्लास्टिकची टोपी. पहिल्याच पावसाळ्यात त्यातली एखादी टोपी कुठल्यातरी खड्ड्यात राहते आणि मग डोक्यात अलॉयचा, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या डिस्कचा विचार शिरतो. यवतमाळ, अकोला नाहीतर अमरावतीच्या दुकानात गेलं की दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "गाडी कोणती, भाऊ?" नाव सांगितलं की तो भिंतीवरचे दोन-तीन सेट दाखवतो आणि म्हणतो, "कालच अस्साच सेट एका स्विफ्टले टाकला, मस्त बसला."

तो खोटं बोलत नसतो. चाक बसलेलं असतंच. नट आत गेले, चाक फिरलं, गाडी दुकानातून निघाली, त्याच्या लेखी विषय संपला. तुमचा मात्र तिथून सुरू होतो. ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, पाच माणसं बसली की वळणावर टायर घासतो, पंक्चर झालं तर गाडीतला पाना नटावर बसत नाही. ही सगळी दुखणी चाक विकत घ्यायच्या आधी टेप आणि कागद घेऊन बसलं तर टळतात. माझ्या गाडीच्या वेळी आणि पुढे भावकीतल्या-शेजारच्या गाड्यांच्या वेळी जो क्रम कामी आला, तोच खाली देतो आहे.

सोबत काय लागेल

कागदांत गाडीची पुस्तिका, आरसी आणि चालू विमा पॉलिसी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरची साइज आणि हवा लिहिलेला स्टिकर असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

हत्यारांत स्टीलची टेप, एक सरळ लोखंडी पट्टी, खडू आणि गाडीसोबत आलेला स्वतःचा व्हील पाना. व्हर्निअर कॅलिपर मिळाला तर फार बरं. तो कुठल्याही लेथवाल्याकडे असतो आणि दहा मिनिटांसाठी तो देतोही. टॉर्क पाना, म्हणजे नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, दुकानात आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. नसेल तर दुसरं दुकान पाहा.

१. गाडी कुठे चालते, हे आधी ठरवा

जाहिरातीतली गाडी काचेसारख्या रस्त्यावर उभी असते. आपली गाडी सकाळी पांदण रस्त्याने वावरात जाते, दुपारी तालुक्याला आणि महिन्यातून एखाद्या वेळी समृद्धीवरून नागपूरला. चाकाची निवड या तिन्ही रस्त्यांचा विचार करून करायची असते आणि त्यात पांदणीचं मत सगळ्यात जड.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता त्यामुळे कधी सपाट राहत नाही आणि त्याच्या कडा खचतात. एकेरी रस्त्यावर समोरून एसटी आली की आपली डावीकडची दोन चाकं खाली मातीत उतरतात. परत वर चढताना डांबराची धारदार कड टायरच्या भिंतीला आणि डिस्कच्या ओठाला लागते. वणी-घुग्घुसकडे कोळशाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यांवरचे खड्डे वेगळेच. अशा वेळी डिस्क वाचवते ती टायरच्या भिंतीची उंची.

ही उंची टायरवरच्या आकड्यांतून निघते. १८५/६५ आर१५ म्हणजे टायर १८५ मिमी रुंद, भिंत त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि डिस्क १५ इंची. स्विफ्टचंच उदाहरण घ्या. ही गाडी १६५/८० आर१४ आणि १८५/६५ आर१५ अशा दोन मापांत आली आहे. पहिल्यात भिंत १३२ मिमी, दुसऱ्यात १२०. लोक पुढे १९५/५५ आर१६ टाकतात, तिथे ती १०७ वर येते. काही हौशी २०५/४५ आर१७ पर्यंत जातात, तिथे उरते ९२. चारही टायरांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच आहे, म्हणजे डिस्क मोठी झाली तेवढी रबराची भिंत कमी झाली. १४ वरून १७ वर जाताना खड्डा झेलणारं चार सेंटिमीटर रबर जातं.

माझं मत विचाराल तर, त्याच गाडीच्या सगळ्यात वरच्या मॉडेलला कंपनी जे माप देते, तेच घ्या. फार तर त्याच्यावर एक इंच. खेड्यात राहणाऱ्याने १७ इंची हौस करूच नये. गाडी रोज वावरातच जात असेल तर लोखंडी डिस्कमध्ये काही कमीपणा नाही. ती वाकली तर तालुक्याच्या गावी ठोकून सरळ होते, अलॉयला मात्र तडा जातो.

आणखी एक चौकशी दुकानात जायच्या आधी करा. तुमच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे टायर उतरवायची मशीन आहे का? नसेल आणि तो टामीने टायर उचकत असेल, तर पहिल्याच पंक्चरला अलॉयच्या कडेचा रंग निघालाच समजा. उभ्या चाकातच बाहेरून रबराची बत्ती घालून पंक्चर निघालं तर ठीक, नाहीतर मशीन असलेलं जवळचं गाव कोणतं हे माहीत असू द्या.

२. गाडीचे स्वतःचे आकडे कागदावर उतरवा

एक चाक काढा, आतल्या बाजूची माती धुवा. डिस्कवर उठवलेली अक्षरं दिसतील, उदाहरणार्थ १५×५½ जे. यातला १५ हा डिस्कचा व्यास आणि साडेपाच ही टायर बसतो त्या दोन कडांमधली रुंदी, दोन्ही इंचांत. 'जे' हा कडेचा आकार. जवळच 'ईटी' लिहून एखादा आकडा असतो, तो ऑफसेट. टायरवरून साइज आणि तिच्यापुढचा '८८ टी' असा मजकूर, म्हणजे लोडचा आकडा आणि वेगाचं अक्षर, लिहून घ्या.

आता कागदावर सहा ओळी हव्यात: व्यास, रुंदी, पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट, नटाची साइज. शेजारी मोकळा रकाना ठेवा, त्यात नव्या चाकाचे आकडे भरायचे. दुकानदार 'सगळं सेम आहे' म्हणाला तरी रकाना भरल्याशिवाय पैसे देऊ नका.

३. पीसीडी : भोकांचं वर्तुळ

सगळ्या नटांच्या मध्यातून जाणारं वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. ४×१०० म्हणजे चार नट, १०० मिमीच्या वर्तुळावर. चार किंवा सहा नट असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडांचं (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजलं की झालं. पाच नटांत समोर कोणीच नसतं, तिथे शेजारशेजारच्या दोन स्टडांच्या मध्यांमधलं अंतर मोजून १.७ ने गुणा. ते ६७ मिमीच्या आसपास आलं तर पीसीडी ११४.३, साधारण ५९ आलं तर १००.

नेहमीच्या काही गाड्यांचे आकडे, पुढे मधल्या भोकाचं मापही दिलं आहे:

- स्विफ्ट, बलेनो : ४×१००, भोक ५४.१ मिमी
- आय१०, आय२० : ४×१००, भोक ५४.१
- होंडा सिटी : ४×१००, भोक ५६.१
- फिगो, इकोस्पोर्ट : ४×१०८, भोक ६३.४
- पोलो : ५×१००, भोक ५७.१
- ब्रेझा, इनोव्हा : ५×११४.३, भोक ६०.१
- क्रेटा : ५×११४.३, भोक ६७.१
- फॉर्च्युनर : ६×१३९.७, भोक १०६.१

यादी अंदाजासाठी आहे. एकाच नावाखाली पिढ्या बदलल्या की माप बदलू शकतं, म्हणून आपल्या गाडीवर टेप लावाच.

इथला मोठा सापळा म्हणजे जवळजवळ सारखी मापं. जुन्या पुंटो-लिनियाचा पीसीडी ४×९८. ते चाक ४×१०० च्या गाडीवर ढकलून बसवता येतं, नटही आवळले जातात, पण तिरपे. ५×११२ आणि ५×११४.३ चं तेच. तिरपा बसलेला नट हळूहळू सैल होतो, नाहीतर स्टडवर ताण येऊन स्टड तुटतो. आठ भोकांची चाकंही बाजारात भरपूर आहेत, चार भोकं एका मापाची, चार दुसऱ्या. त्यांत वाईट काही नाही, आपली चार भोकं कोणती ते मात्र मोजून पाहा. 'लेथवर नवीन भोकं मारून देतो' असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून निघा.

४. मधलं भोक

गाडीच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसवतात त्या भागाचा, मध्यभागी पुढे आलेला गोल उंचवटा चाकाच्या मधल्या भोकात बसतो आणि चाकाला बरोबर केंद्रावर धरतो. भोक लहान असेल तर चाक जाणारच नाही. ब्रेझाचं चाक क्रेटाला म्हणूनच बसत नाही, पीसीडी तंतोतंत सारखा असूनही.

भोक मोठं असेल तर चाक आरामात जातं आणि खरी गंमत तिथेच आहे. बाहेरची चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं. मग केंद्र धरायचं काम एकट्या नटांवर येतं. चाक केसभर जरी बाजूला बसलं, तरी ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. लोक बॅलन्सिंग करून करून थकतात आणि मशीन दर वेळी शून्य दाखवतं, कारण मशीनवर चाक केंद्रातच बसवलेलं असतं.

उपाय स्वस्त आहे, हब रिंग. बाहेरचं माप चाकाच्या भोकाएवढं, आतलं हबएवढं. चाकाचं भोक ६७.१ आणि हब ५४.१ असेल तर तशीच रिंग मागा. प्लास्टिकची रिंग घाटात ब्रेक तापले की मऊ पडू शकते, ॲल्युमिनियमची माती-पाण्याने हबला चिकटून बसते. मी ॲल्युमिनियमची घेतो आणि हबवर ग्रीसचं पुसटसं बोट फिरवतो. स्टडच्या आट्यांना मात्र ग्रीस लावायचं नाही. दुकानात माप नसेल तर लेथवाला रिंग कातून देतो.

५. ऑफसेट : सगळे इथेच गंडतात

चाक उभं कापलं असं समजा. रुंदीच्या बरोबर मधून जाणारी रेघ आणि चाक हबला जिथे टेकतं ती जागा, या दोहोंतलं मिमीमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. टेकायची जागा रस्त्याच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांचा तो धनच असतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं, वाढला की आत जातं.

रुंदी आणि ऑफसेट एकत्र बदलतात, म्हणून हिशेब कागदावरच करा. समजा जुनी डिस्क ५.५ जे, ईटी ४५, नवीन ६.५ जे, ईटी ३८. रुंदी एक इंचाने, म्हणजे २५.४ मिमीने वाढली. त्यातली निम्मी बाहेर, निम्मी आत, प्रत्येकी १२.७. ऑफसेट सातने कमी झाला, म्हणून अख्खं चाक सात मिमी बाहेर सरकलं. बाहेरची कड १२.७ अधिक ७, जवळपास २० मिमी बाहेर आली. आतली कड १२.७ उणे ७, जेमतेम ६ मिमी आत गेली.

आता गाडीपाशी जा. मडगार्डच्या कडेवरून दोरीला नट बांधून ओळंबा सोडा आणि टायर त्या दोरीच्या किती आत आहे ते मोजा. २५ मिमी आत असेल तर २० चालतील. १० च आत असेल तर टायर बाहेर डोकावणार. आतल्या बाजूला टायर आणि शॉकअपच्या नळीमधली फट पाहा. आत सरकून झाल्यावरही तिथे बोटभर जागा उरली पाहिजे, कारण वळणावर टायर दबतो आणि चिखलही साचतो.

टायर बाहेर आला की काही जणांना गाडी रुबाबदार वाटते. पण पावसाळ्यात काळा चिखल थेट दारावर आणि काचेवर उडतो, गिट्टी मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर जाते. बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देतं. मूळ ऑफसेटच्या पाच-सात मिमीच्या आत राहा, हा माझा साधा नियम. 'स्पेसर टाकून देऊ' हा उपाय, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती, चाक हबपासून लांब नेतो आणि नटाला आटे कमी मिळतात. त्या वाटेला जाऊ नका.

चाकावर ईटी लिहिलेलाच नसेल तर असं काढा. टायर नसलेली डिस्क पालथी ठेवा, मागच्या कडांवर लोखंडी पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या जागेपर्यंत खोली मोजा. मग डिस्कची बाहेरून बाहेर एकूण रुंदी मोजून तिचं निम्मं करा. खोलीतून ते वजा केलं की ऑफसेट. खोली १३४ आणि एकूण रुंदी १७८ असेल तर १३४ उणे ८९, म्हणजे ईटी ४५.

६. टायर

नवीन टायरचा बाहेरचा व्यास जुन्यापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त बदलू देऊ नका. व्यास काढायला भिंतीची उंची दुप्पट करा आणि डिस्कचे इंच २५.४ ने गुणून त्यात मिळवा. १८५/६५ आर१५ चा येतो ६२१.५ मिमी, १९५/५५ आर१६ चा ६२०.९. फरक नसल्यातच जमा, स्पीडोमीटर खरं बोलत राहील. व्यास वाढवला की काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी त्याहून जोरात असते.

टायर डिस्कच्या रुंदीलाही शोभायला हवा. १८५/६५ ला ५ ते ६.५ जे चालते, १९५/५५ ला ५.५ ते ७ जे.

लोडचा आकडा कोणी पाहत नाही. १८५/६५ आर१५ वर साधारणपणे ८८ असतो, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. १९५/५५ आर१६ वर ८७, म्हणजे ५४५ किलो. टायर रुंद झाला आणि वजन पेलायची ताकद किंचित घटली. स्विफ्टसारख्या हलक्या गाडीला ५४५ पुरतात. पण लग्नसराईत पाच सीटच्या गाडीत सात जण आणि डिक्कीत आहेराची भांडी, हा आपला रिवाज लक्षात घेऊन पुस्तिकेत दिलेल्या लोडच्या आकड्याखाली जाऊ नका.

समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्या तासन्‌तास १०० च्या वर पळायला लागल्या. कारला तिथे १२० ची मर्यादा आहे. टी अक्षराचा टायर १९० पर्यंत, एच २१० पर्यंत चालतो, त्यामुळे अक्षराची काळजी नाही. काळजी हवेची आणि वयाची. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात काँक्रीटवर कमी हवेचा टायर भिंतीत वाकून वाकून तापतो आणि फुटतो. 'उन्हाळा आहे, हवा कमी भरा' हा सल्ला अगदी उलटा आहे. सकाळी, टायर थंड असताना, स्टिकरवर आहे तेवढी हवा भरा. वयासाठी टायरवरचे शेवटचे चार आकडे पाहा. २३२४ म्हणजे २०२४ च्या २३ व्या आठवड्यातला. अलॉयसोबत 'पॅकेज'मध्ये मिळणारे टायर कधीकधी गोडाऊनमध्ये झोपलेले असतात.

७. नट

स्विफ्ट आणि आय२० चा पीसीडी एक, मधलं भोक एक, पण नट वेगळे. मारुतीचा नट १२×१.२५, ह्युंदाईचा १२×१.५. यातला दुसरा आकडा म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. दुकानाच्या डब्यात दोन्ही एकत्र पडलेले असतात, नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. चुकीचा नट हाताने दोन-तीन फेरे जातो, मग अडतो आणि पोरगा त्यावर हवेची गन लावतो. स्टडचे आटे त्याच क्षणी गेले. म्हणून प्रत्येक नट आधी हाताने फिरवायचा, निदान सात-आठ फेरे बोटांनी गेले पाहिजेत. तेवढे फेरे मिळत नसतील तर स्टड आखूड पडतो आहे.

नटाचं बूडही पाहा. बाहेरच्या अलॉयला बहुधा निमुळत्या बुडाचे नट लागतात. होंडाच्या मूळ नटांचं बूड चेंडूसारखं गोल असतं, टोयोटाच्या मूळ अलॉयला सपाट बुडाचे वॉशरवाले नट येतात. गोल बूड निमुळत्या भोकात बसवलं तर ते एका बारीक रेघेवरच टेकतं आणि नट ढिला पडत जातो. पोलोला नट नसून बोल्ट असतात, तिथे बोल्टची लांबीही तपासावी लागते.

आणि दुकानातून निघायच्या आधी आपल्या गाडीतला पाना काढून एक नट स्वतः सैल करून पाहा. काही अलॉयची नटाची भोकं इतकी खोल आणि अरुंद असतात, की कंपनीचा पाना आत शिरतच नाही. शिरला तरी गनने आवळलेला नट उभं राहून पाय दिला तरी हलत नाही. कारंजा-मूर्तिजापूर रस्त्यावर भर दुपारी हे कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं. चोरीच्या भीतीने कुलुपाचे नट घेतले असतील तर त्याची किल्ली गाडीतच राहू द्या, घरच्या कपाटात नको.

८. चाकाचा दर्जा

चाकांसाठी भारतीय मानक आयएस १६१९२ आहे. आयएसआयचा शिक्का आणि हा क्रमांक चाकावर शोधा. 'जेडब्ल्यूएल' आणि 'व्हीआयए' अशी जपानी दर्जाची अक्षरंही दिसतात. अक्षरं ओतायला कोणालाही येतात, म्हणून बनवणाऱ्याचं नाव, कमाल लोडचा किलोमधला आकडा आणि पक्कं बिल, तिन्ही मागा. कमाल लोड टायरच्या लोडच्या जवळपास किंवा वर असावा. नुसता खोका आणि खोक्यावर भलत्याच कंपनीचं चिन्ह असेल तर सोडून द्या.

जुना सेट घेत असाल तर टायर उतरवूनच पाहा. आतल्या कडेला रंगाखाली वेल्डिंगची उंचवट्याची रेघ, नटाच्या भोकांना आलेला लंबगोल आकार, ओठावर ठोकल्याच्या खुणा. मग नुसती डिस्क बॅलन्सिंग मशीनवर फिरवायला सांगा आणि कडेशेजारी पेन्सिल धरा. फट कमी-जास्त होताना दिसली तर डिस्क वाकलेली आहे. वेल्डिंग केलेलं अलॉय मी फुकट दिलं तरी घेणार नाही.

९. कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेल्या मापात राहण्याचा हा दुसरा फायदा, त्यावर कोणी बोट ठेवत नाही. मडगार्डबाहेर आलेले टायर मात्र दुरूनच दिसतात.

विमा कंपनीला बिल देऊन अलॉयची किंमत पॉलिसीत जोडीव वस्तू म्हणून लिहून घ्या, नाहीतर अपघातात लोखंडी डिस्कचेच पैसे मिळतील. वॉरंटीतल्या गाडीचं बेअरिंग किंवा सस्पेन्शन गेलं तर सर्व्हिस सेंटर बाहेरच्या चाकांकडे बोट दाखवू शकतं, त्यासाठीही जुन्या डिस्का विकायची घाई करू नका.

१०. बसवताना

टायर चढवायच्या आधी नुसती डिस्क गाडीवर लावून पाहायची. टायर एकदा चढला की दुकानदार डिस्क परत घेत नाही, म्हणून हा आग्रह धरा. तो कुरकुरेल, कुरकुरू द्या.

पुढच्या हबवर डिस्क लावा, दोन नट हाताने आवळा, चाक फिरवा. ब्रेकच्या कॅलिपरपासून (ब्रेकची थाळी पकडणारा भाग) सगळीकडे निदान तीन-चार मिमी फट हवी. बॅलन्सिंगची शिशाची पट्टी आतूनच चिकटवतात, ती त्याच फटीतून फिरते. फट पुरेशी आहे असं दिसलं की मग टायर, बॅलन्सिंग, हब रिंग.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून चाक लावा. नट ताऱ्याच्या क्रमाने, समोरासमोर, दोन टप्प्यांत आवळायचे. शेवटचा आवळा टॉर्क पान्याने. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा पुस्तिकेत.

मग घासतं का ते पाहायचं. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर आणि कडेवर खडू फिरवा. मागे तीन दांडगे गडी बसवा, पुढे एक, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग एखाद्या गतिरोधकावरून तिरपी गाडी न्या. खडू पुसला गेला असेल तर टायर तिथे लागतो आहे. रिकाम्या गाडीत हे कधीच कळत नाही. शेवटी अलाइनमेंट.

११. पहिले शंभर किलोमीटर आणि नंतर

पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नवीन रंग दबतो आणि नट थोडे सैल पडतात. याला काही दुकानं पैसे घेत नाहीत.

पावसाळ्यात पांदणीतून आल्यावर दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग थरथरायला लागलं तर लगेच बॅलन्सिंगला धावू नका. काळी माती चाकाच्या आतल्या पन्हाळीत बसते आणि रात्रीत वाळून खापर होते. एकाच चाकात मूठभर निघते आणि तेवढी ८० च्या वेगाला पुरते. लाकडाच्या काडीने खरवडून पाण्याने धुवा, गाडी पुन्हा नीट चालते. पेचकस वापरलात तर शिशाची पट्टीही सोबत निघून येईल.

स्टेपनी मूळ लोखंडी डिस्कचीच राहू द्या. तिचा बाहेरचा व्यास नवीन टायरांच्या जवळ असेल तर ती तालुक्यापर्यंत नेऊन सोडते. पण अलॉयचे नट लोखंडी डिस्कला नीट बसतातच असं नाही. कंपनीचे जुने नट, एका चाकाला पुरतील तेवढे, फडक्यात बांधून स्टेपनीच्या खाचेत ठेवा आणि घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते तिथे आहेत हे सांगून ठेवा.